सेकंदाला साठ चौकटी

आधी फाइलचं नाव नुसतंच 'एमा' होतं.
आमच्याकडे आईला एमा म्हणतात.
आई एकच, म्हणून नावही एकच,
इतका साधा हिशोब.
दर रविवारी कॉल संपला की
प्रोग्राम अदबीनं विचारायचा:
या नावाची फाइल आहे, तिच्यावरच लिहू?
मी हो म्हणायचे.
चुलीवर काहीतरी करपत असायचं.

असे नऊ रविवार मी एका रविवारात पुरले.

सप्टेंबरमध्ये सारेमा बेटावरच्या अंगणात,
जुनिपरच्या झुडपापाशी उभी राहून
एमानं तिच्या वडिलांच्या होडीची गोष्ट सांगितली होती.
सगळी हातांनी.
एमाला जन्मापासून ऐकू येत नाही.
होडी उलटते ती जागा
ती नुसतं मनगट फिरवून दाखवते,
आणि मग बराच वेळ दोन्ही तळवे सपाट:
पाणी.
ते मनगट गेलं.
त्यावर आता ऑक्टोबरातला सर्दीचा कॉल आहे
आणि शेजारच्या हेल्दुरनं टॅब तिरका धरल्यामुळे
अर्धा तास छत.

मग एका रात्री, तार्तूत, सेटिंग उघडून बसले.
नावाचा साचा: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट.
याच क्रमानं.
दिवस आधी लिहिला तर
सगळ्या महिन्यांच्या एक तारखा
पंगतीतल्या अनोळखी पाहुण्यांसारख्या
शेजारी शेजारी बसतात.
वेळेतले दोन ठिपके नावात चालत नाहीत,
तिथे आडवी रेघ.
शेवटी 'एमा' जोडलं.
गरज नव्हती. जोडलं.

गुणवत्ता मात्र तशीच राहू दिली, मध्यम.
सेकंदाला पंधरा चौकटी.
डिस्क जुनी, आणि चेहरा तर दिसतोच आहे की.

चेहरा दिसायचा.
बोटं उकडलेल्या बटाट्यासारखी एकमेकांत मिसळायची.
तिनं 'मासा' म्हटलं की 'मंगळवार', कळायला मार्ग नाही,
आणि थंडी पडल्यापासून हात थरथरतो तो वेगळाच.

पण खरं लक्षात आलं ते उशिरा.
मला घरात उर्वे म्हणून कुणी हाक मारली नाही.
माझं नाव म्हणजे
उजव्या कानाच्या पाळीवरून
दोन बोटांचा एक फटकारा, बस्स.
लहानपणी माझे कान फार पुढे होते.
ते नाव फाइलमध्ये कुठेच नव्हतं.
मी एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं:
हात मांडीवर.
हात मांडीवर.
हात कानापलीकडे, काम उरकून परत निघालेला.
नाव मधल्या फटीत पडलं होतं.

साठ केल्या.
बिटरेट वर नेला, अगदी टोकापर्यंत.
प्रोग्राम म्हणाला, जागा पुरणार नाही.
मी प्रवासातले सगळे फोटो काढून टाकले,
एका माणसाचेही, ज्याचं नाव इथे नको.

मायक्रोफोन बंद होता.
मूक घरात आवाज कशाला साठवायचा,
असं मीच ठरवलेलं.
मग आठवलं, एमाचं घर मूक कधीच नव्हतं.
ती कपाटं आपटते, बशा आदळते,
हसते तेव्हा घशातून एक जाड, उघडा आवाज येतो
जो तिला ठाऊकच नाही.
चालू केला.

आता प्रत्येक रविवार दोन गीगाबाइटचा.

गेल्या आठवड्यात वादळ होतं, फेरी बंद,
कॉल कसाबसा लागला.
एमा काहीतरी सांगत होती, पाव आणि हेल्दुरबद्दल,
आणि मधेच थांबली.
भुवया वर, बोट माझ्याकडे, मग खाली:
तिकडे खाली काय बघतेस सारखी?

मी लाल ठिपका बघत होते.
चालू आहे ना, एवढंच.

तेही सगळं नोंदलं गेलंय, स्वच्छ.
कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मी,
पापण्या खाली,
आणि मोठ्या चौकोनात तिचा हात
कानाजवळ, दोनदा, तीनदा.
साठही चौकटींत.